निरोप नेमका कुणाला?

ऐक माय, तू जे केलंस ते जवळजवळ सगळ्याच मुली करतात. पॅकेज हाती आलं, बॉटच्या मेलांनी इनबॉक्स भरून वाहायला लागला, आणि तू फिल्टर लावून टाकलास: बॉटकडून येईल ते सगळं एका फोल्डरात, वर ‘वाचलं’ अशी खूण आपोआप. मी रागावणार नाही. धुळ्यात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचं, संध्याकाळी घरचं बघायचं आणि रात्री उरलेल्या वेळात हौसेनं फेडोरा लिनक्सचं एक पॅकेज सांभाळायचं, यात दोनशे मेल वाचायला वेळ कुठून आणशील? पण त्या फोल्डरात अधूनमधून एखादा मेल असा पडतो, की तो तू उघडला नाहीस तर दुसरं कुणीच उघडणार नाही. त्याबद्दल आज निवांत बोलू.

तो मेल अगदी साधा दिसतो. अमुक पॅकेज आजपासून तमुक प्रोसेसरसाठी बांधलं जाणार नाही, एवढंच त्यात असतं. कुणी ओरडत नाही, लाल अक्षरं नसतात. म्हणूनच तो निसटतो.

तुला माहीत आहे तरी पुन्हा सांगते, कारण सवयीनं आपण हे विसरतो. तू एकदा ‘बांध’ म्हणतेस, पण फेडोराचा बांधणी करणारा सर्व्हर, कोजी, ते पॅकेज प्रत्येक जातीच्या प्रोसेसरवर वेगळं बांधतो. इंटेल-एएमडीचं एक्स८६_६४, आर्मचं एआर्च६४, आयबीएमचं पॉवर, आणि आयबीएमच्याच मेनफ्रेमचं एस३९०एक्स. शिवाय जुन्या ३२-बिट प्रोग्रामांना लागतात म्हणून आय६८६ ची बांधणी अजून चालू असते. यातल्या एकावर जरी बांधणी फसली तरी सगळी बांधणी फसली असं धरतात. मग रात्री साडेअकराला, सकाळी लवकर उठायचं असताना, बांधणीची कृती असलेल्या स्पेक फाइलमध्ये एक ओळ टाकायचा मोह होतो: ‘एक्स्क्लूडआर्च’, आणि पुढे नडणाऱ्या प्रोसेसरचं नाव. एक ओळ टाकली की बांधणी हिरवी. चूक जिथल्या तिथे, फक्त आता ती कुणाला दिसत नाही.

तुझ्या पॅकेजचंच घेऊ. देवनागरी मजकूर नीट कापणारं, मोजणारं ते साधन. त्यात ‘ज’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांत बसतं: २२४, १६४, १५६. आपली झाडून सगळी देवनागरी अक्षरं अशीच तीन-तीन बाइटांची आणि प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा. आता सी भाषेत ‘कॅर’ नावाच्या खणात हे आकडे ठेवले, तर इंटेलवर तो खण उणे आकडे मानणारा असतो. म्हणजे तिथे ‘ज’ दिसतो उणे ३२, उणे ९२, उणे १०० असा. मूळ लेखकानं लिहून ठेवलंय: बाइट शून्यापेक्षा लहान असेल तर ते इंग्रजी अक्षर नाही. इंटेलवर हे बिनबोभाट चालतं. पण लिनक्सवर आर्म, पॉवर आणि एस३९०एक्स यांच्यावर तोच खण उणे आकडे मानतच नाही. तिथे २२४ म्हणजे २२४. शून्यापेक्षा लहान असं काही सापडतच नाही, आणि अख्खा मराठी मजकूर इंग्रजी समजून कापला जातो. जळगावचा ‘ज’ तीन तुकड्यांत.

बघ, प्रोसेसरचा दोष नाही, मराठीचा तर नाहीच. खण ‘अनसाइन्ड’ आहे असं स्पष्ट लिहायचं आणि १२७ च्या वर आहे का ते विचारायचं, झालं. पण ही दुरुस्ती कुणाला सुचेल? ज्याला आर्मवर असं होतं हे ठाऊक आहे त्याला. आणि त्याच्यापर्यंत तुझी ती एक ओळ पोचलीच नाही, तर तुझं साधन वर्षानुवर्षं आर्मवर नसेल. आर्म म्हणजे रास्पबेरी पाय. शाळेत, कॉलेजच्या प्रयोगशाळेत थोडक्या पैशांत जे मिळतं ते. मराठी मजकुरावर काम करू पाहणारी शिरपूरची किंवा बांभोरीची एखादी मुलगी त्याच यंत्रावर बसलेली असेल, आणि तिला फक्त ‘पॅकेज सापडलं नाही’ एवढं दिसेल. तिला कळणार नाही की कधीकाळी होतं, कुणी काढलं, का काढलं.

म्हणून मी या विषयाला एवढी चिकटून बसते.

आता निरोप कुणाला द्यायचा ते. लग्नाची पत्रिका आपल्याकडे सगळ्या गावाला जाते, पण मामाकडे स्वतः जाऊन सांगावं लागतं, नाहीतर मामा मांडवात येत नाही आणि त्याचं बरोबर असतं. बॉटचा मेल म्हणजे गावाला गेलेली पत्रिका. मामा कोण, हे तुला ठरवावं लागतं, आणि फेडोरानं ते बऱ्यापैकी ठरवून ठेवलंय. नियम असा आहे की एक्स्क्लूडआर्चची ओळ टाकली की बगझिला या चुका नोंदवायच्या संकेतस्थळावर त्याचा बग नोंदवायचा, का बांधलं जात नाही ते लिहायचं, आणि तो बग त्या-त्या प्रोसेसरच्या ट्रॅकर बगला जोडायचा. ट्रॅकर म्हणजे नुसती यादी नव्हे. त्या प्रोसेसरची काळजी वाहणारी माणसं त्या ट्रॅकरवर सीसीमध्ये असतात. तू बग जोडलास की मेल आपसूक त्यांच्या दारात. कुणाचा पत्ता शोधायला नको, ओळखपाळख नको, कुणा मोठ्या माणसाला आर्जव करायला नको. स्पेक फाइलमध्ये त्या ओळीच्या डोक्यावर बगचा क्रमांक टिपून ठेव, म्हणजे दोन वर्षांनी तुझ्या जागी येणारी पोरगी तुला शिव्या देणार नाही.

पुष्कळ जण ओळ टाकतात आणि बग टाकत नाहीत. बॉट बदल हेरतो, मेलिंग यादीवर मेल टाकतो, यादी वाचणारे ‘असेल काही कारण’ म्हणून पुढे जातात. सगळ्यांना कळलेलं असतं आणि कुणालाच सांगितलेलं नसतं.

तुझ्या फिल्टरचं आता. तो सगळा उडवू नकोस, नीट कर. मेलच्या विषयाच्या ओळीवर फिल्टर लावू नकोस, ती ओळ बदलत राहते. मेलच्या डोक्यात, आपल्याला सहसा न दिसणाऱ्या भागात हेडर असतात, त्यांच्यावर लाव. बगझिला प्रत्येक मेलात एक्स-बगझिला-कंपोनंट घालतं, म्हणजे कोणतं पॅकेज ते. आणि त्याहून कामाचं म्हणजे एक्स-बगझिला-रीझन: हा मेल तुला का आला. तुझ्या नावावर बग आहे म्हणून, तू नोंदवलास म्हणून, की नुसती सीसीत आहेस म्हणून. तुझ्या नावावरचे आणि तू नोंदवलेले मेल सरळ इनबॉक्समध्ये, सीसीचे फोल्डरात. याद्यांचे मेल लिस्ट-आयडी पाहून वेगळे काढ. उरलेला गोंधळ आठवड्यातून एकदा चाळायचा, एकेक नाही, नुसत्या विषयांवरून नजर फिरवायची. मात्र ‘एक्स्क्लूडआर्च’ किंवा ‘एक्स्क्लूसिव्हआर्च’ हे शब्द आणि तुझ्या पॅकेजचं नाव एकाच मेलात असतील, तर तो मेल कुठल्याही फोल्डरात लपता कामा नये. त्याला तारा लाव, फोनवर वाजू दे.

यातला दुसरा शब्द जास्त जपून वापर. एक्स्क्लूड म्हणजे ‘हे सोडून बाकी सगळीकडे’. एक्स्क्लूसिव्ह म्हणजे ‘फक्त इथेच’. ‘फक्त इंटेल’ असं लिहून ठेवलंस, तर उद्या जो नवा प्रोसेसर येईल त्यालाही दार बंद, आणि त्या दिवशी बॉट काहीच सांगणार नाही, कारण बदल झालेलाच नसतो. न झालेल्या बदलाचा निरोप कोण देणार?

सगळ्याच बदलांसाठी एवढी धावाधाव नको हेही सांगते, नाहीतर तू महिनाभरात थकशील. प्रोसेसर वाढला तर आनंदाचा मेल, फोल्डरात गेला तरी चालेल. पॅकेज ‘नोआर्च’ झालं, म्हणजे कोणत्याही प्रोसेसरवर तेच चालतं, तरी घाबरायचं कारण नाही. फॉन्ट असतात तसे. पुण्याच्या रेड हॅटच्या लोकांनी वाढवलेला लोहित देवनागरी, किंवा फेडोरातला मराठी शब्दकोश हनस्पेल-एमआर, यांना प्रोसेसरशी देणंघेणं नाही. तिथे एकच बघायचं: नोआर्च म्हणून दिलेला भाग वेगवेगळ्या प्रोसेसरवर वेगवेगळा निघाला तर कोजी स्वतःच बांधणी पाडतो. तो मेल आला की समजावं की आत कुठेतरी बाइटांचा क्रम नाहीतर आकड्याचा आकार फायलीत शिरलाय. एस३९०एक्स हा मोठा बाइट आधी ठेवणारा आहे, बाकीचे लहान आधी. २५८ हा आकडा इंटेल ‘२, १’ असा ठेवतो आणि मेनफ्रेम ‘१, २’ असा. एस३९०एक्सवरच तुझ्या चाचण्या पडतात आणि आर्मवर नाही, तर आधी इथे बघ. तू मेनफ्रेम आयुष्यात पाहिलेली नाहीस, मीही नाही, पण त्यावरची चूक धुळ्यातून दुरुस्त करता येते, कारण ती यंत्रात नसून आपल्या गृहीतकात असते.

प्रोसेसर कमी झाला की मात्र तीन दारं: त्या पॅकेजचे बाकीचे मेंटेनर, त्या प्रोसेसरची मंडळी, आणि तुझ्या पॅकेजवर अवलंबून असलेल्या पॅकेजांचे मेंटेनर. हे तिसरं दार सगळे विसरतात. पॅकेज बसवणाऱ्या डीएनएफ या आज्ञेला ‘याची गरज कुणाकुणाला’ असं विचारलं की यादी मिळते. यादी रिकामी असली तर तुझं पॅकेज शेंड्याचं पान. गळलं तरी फांदी हलत नाही. फेडोरा ३७ पासून, म्हणजे २०२२ पासून, अशी पानं आय६८६ साठी बांधणं सोडा असं फेडोरानंच सुचवलंय. पण यादीत एक जरी नाव असलं तर आधी त्याला विचारायचं आणि मगच कात्री.

विचारण्यानं आणि न विचारण्यानं काय फरक पडतो ते ३२-बिटच्या गोष्टीत दिसतं. फेडोरानं ३२-बिट इंटेलचा कर्नल २०१९ मध्ये फेडोरा ३१ ला सोडला. ३२-बिट आर्म फेडोरा ३७ ला गेलं. मग २०२५ च्या जूनमध्ये आय६८६ च्या उरलेल्या लायब्रऱ्याही काढून टाकाव्यात असा प्रस्ताव आला, आणि खेळ खेळणाऱ्यांनी, स्टीम आणि वाइन वापरणाऱ्यांनी एवढा गलबला केला की थोड्याच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. उबुंटूचं २०१९ च्या जूनमध्ये जवळजवळ हेच झालं होतं. माझं मत विचारशील तर, प्रस्ताव मांडणाऱ्यांचं गणित चूक नव्हतं. ३२-बिटची बांधणी टिकवण्यात मेंटेनरांचा जीव जातो, हे तू आता स्वतः अनुभवतेस. आणि प्रस्ताव चव्हाट्यावर, चर्चेला ठेवला गेला म्हणून तरी त्या लोकांना बोलता आलं. तालुक्याच्या गावातल्या ज्या शाळेत अजून जुनं ३२-बिट यंत्र चालू आहे तिच्या वतीनं असं ओरडणारं कुणी नसतं. तिथल्या सरांना अपडेट यायचं थांबलं एवढंच कळतं.

डेबियनमध्ये काम करशील तेव्हा पद्धत वेगळी दिसेल. तिथे ‘एनी’ लिहिलं की सगळीकडे बांध, ‘ऑल’ लिहिलं की प्रोसेसरशी संबंध नाही. पूर्वी एखाद्या प्रोसेसरवर बांधलेलं पॅकेज आता तिथे बांधलं जात नसेल, तर जुनी बांधणी संग्रहातून काढा अशी विनंती संग्रह सांभाळणाऱ्यांकडे बग नोंदवून करावी लागते, आणि ती होईपर्यंत नवी आवृत्ती ‘टेस्टिंग’ या पुढच्या टप्प्याच्या संग्रहात सरकत नाही. पहिल्यांदा याचा फार जाच वाटतो. मला ती रीत आवडते. गप्प बसून प्रोसेसर सोडता येत नाही, बोलावंच लागतं. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियनची ट्रिक्सी आली तेव्हा ३२-बिट इंटेलचा इन्स्टॉलर आणि कर्नल बंद झाला आणि त्याच आवृत्तीत रिस्क-फाइव्ह पहिल्यांदा अधिकृतपणे आत आलं. एक बाहेर, एक आत. तुझ्या फोल्डरात पुढची काही वर्षं रिस्क-फाइव्हचे मेल वाढणार आहेत, कारण भारतातही त्यावर जोरात काम चालू आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही त्याच जातीचे प्रोसेसर.

सी-डॅकवरून आठवलं. प्रोसेसर बदलणं ही अमेरिकेतली भानगड आहे असं तुझ्या कॉलेजातले सर म्हणाले होते ना? पुण्यातल्या सी-डॅकनं विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तो इंग्लंडच्या ट्रान्सप्युटर चिपांवर. १९९८ चा परम १०००० उभा राहिला अल्ट्रास्पार्कवर. त्यानंतरचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर, आणि परम युवा इंटेलवर. पंधरा-सतरा वर्षांत चार जाती! हवामानाचा, तेलाच्या शोधाचा जो प्रोग्राम एका यंत्रासाठी घासूनपुसून तयार केला, तो दुसऱ्यावर न्यायचा म्हणजे काय खटपट असेल, विचार कर. तेव्हा त्या माणसांना एकमेकांना समोरासमोर सांगणं पुरत असेल. तू धुळ्यात, आर्मवाला ब्राझीलमध्ये, मेनफ्रेमवाला जर्मनीत असताना ते पुरत नाही, म्हणून हे बग, ट्रॅकर आणि हेडर.

आता एक गोष्ट जी तुला कुणी कॉलेजात सांगितली नसेल. तुझं पॅकेज ज्या पत्त्यावर नोंदलंय तो कॉलेजचा आहे. तो बदल, आजच. निकाल लागला की कॉलेज ते खातं कधीही बंद करतं, आणि तुझ्या पॅकेजचे मेल विहिरीत पडायला लागतात. कंपनीचाही पत्ता देऊ नकोस, नोकरी बदलते. स्वतःचा, नोकरीशी आणि शिक्षणाशी संबंध नसलेला पत्ता ठेव. आणि एकटी मेंटेनर राहू नकोस. आपल्याकडच्या मुलींच्या आयुष्यात दोन-तीन वळणं अशी येतात की सहा-सहा महिने कॉम्प्युटर उघडणं होत नाही. लग्न, बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, नाशिक-पुण्याला बदली. त्यात लाज कसली? पण तेवढ्या काळात निरोप घेणारं दुसरं माणूस हवं. फेडोरात एका पॅकेजला अनेक मेंटेनर जोडता येतात आणि ‘-मेंटेनर्स’ लावलेल्या पॅकेजच्या पत्त्यावर मेल टाकला की तो नोंदलेल्यांना जातो. तुझ्या वर्गातली जी मैत्रीण पाचोऱ्याला असते म्हणालीस, तिला सोबत घे. तिला सगळं यायला नको, मेल वाचून ‘हे बघ’ म्हणता आलं तरी पुष्कळ झालं.

बॉटचे मेल कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडायची कल्पना मात्र डोक्यातून काढ. दोन दिवस सगळे अंगठे दाखवतील, तिसऱ्या दिवशी ग्रुप म्यूट.

राहता राहिली तुझी खरी अडचण, जी तू मला पाठवलेल्या मेलच्या शेवटी कंसात लिहिलीस: इंग्रजीत, सगळ्यांसमोर, ‘मला हे का पडतंय ते कळत नाही’ असं लिहायची भीती वाटते. अगं, मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या मुलींना हे किती जड जातं ते मला सांगायला नको. पण त्या बगमध्ये कुणी तुझं व्याकरण तपासत नाही. बग वाचणाऱ्याला पाच गोष्टी हव्या असतात: पॅकेज आणि आवृत्ती, कोणत्या प्रोसेसरवर पडलं, कोणत्यावर नाही, पडलेल्या बांधणीचा दुवा, आणि नोंदीतल्या त्या शेवटच्या वीस ओळी. खाली एकच वाक्य लिही, की कारण अजून सापडलेलं नाही, तोवर हा प्रोसेसर वगळते आहे, मदत हवी. ‘कारण सापडलेलं नाही’ हे लिहिणं हाच त्या बगचा सगळ्यात उपयोगी भाग असतो, कारण त्यानंच समोरच्याला कळतं की ओळ कायमची नाही.

आज रात्री तो ‘कॅर’चा बग नोंद. आर्मच्या ट्रॅकरला जोड, माझा पत्ता सीसीत टाक. आठवड्यात कुणाचं उत्तर आलं नाही तर त्याच बगमध्ये पुन्हा विचार, नवा काढू नकोस. दुरुस्ती तू स्वतः करून पाहा, ओळी तीनच आहेत. आर्मवर तपासायला रास्पबेरी पाय नसेल तर कोजीवर स्क्रॅच बांधणी टाक, ती तुझ्यासाठी आर्मच्याच यंत्रावर चालेल आणि कुठेही प्रसिद्ध होणार नाही. चाचण्या हिरव्या झाल्या की एक्स्क्लूडआर्चची ओळ काढ, बग बंद कर, आणि काढल्याचा मेल ज्यांना वगळल्याचा गेला होता त्याच सगळ्यांना गेला ना, ते तपास.